कार्बोरेटरची गाडी: गरम झाली की बंद पडते, स्क्रू वाढवला की रेस खाली येत नाही

हिंगोली_नाका

नमस्कार मंडळी. १०० सीसी, कार्बोरेटरची (पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), २०१६ची गाडी. ५८ हजार किमी झालेत. लक्षणं जशीच्या तशी लिहितो.

सकाळी चोक ओढल्याशिवाय पकडत नाही आणि दोन-तीन मिनिटं चोक सोडता येत नाही. गरम झाल्यावर चौकात क्लच दाबून थांबलं की बंद. रेसचा स्क्रू अर्धा फेरा आवळला तर थंड गाडी नीट उभी राहते, पण आठ-दहा किमी गेल्यावर तीच गाडी भणाणते, आणि एक्सलेटर सोडला तरी रेस सावकाश उतरते. फिल्टर नवा, प्लग नवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, कधी बघितलेलं नाही. गाडीला टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर) नाही. आधी काय बघावं, क्रमानं सांगा.

फिलर_गेज

दादा, स्क्रू जिथं होता तिथं परत नेऊन ठेवा आणि सध्या पेचकस बाजूला ठेवा. तुमच्या गाडीचा रोग स्क्रूत नाही.

रेसचा स्क्रू फक्त एक काम करतो. कार्बोरेटरच्या पिस्टनला, म्हणजे हवेची वाट कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या तुकड्याला (इंजिनाच्या पिस्टनला नव्हे), खालून टेकू देतो. आवळला की पिस्टन केसभर वर, हवा जास्त, रेस जास्त. ढिला केला की उलट. पेट्रोल आणि हवेचं प्रमाण तो ठरवत नाही. ते काम दुसऱ्या, बारक्या स्क्रूचं. गाडी हवा जास्त आणि पेट्रोल कमी खात असेल तर रेसचा स्क्रू आवळून ती उभी राहते खरी, पण रोग झाकला जातो. म्हणून थंड असताना बरी आणि गरम झाली की भणाण.

तुमच्या लिहिण्यातली दोन वाक्यं कामाची आहेत. चोक लवकर सोडता येत नाही, आणि रेस सावकाश उतरते. दोन्हीचा अर्थ एकच: मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मिश्रण घट्ट असतं तर उलट झालं असतं. एक्सलेटर सोडल्यावर रेस झपकन खाली, अगदी बंद पडायच्या बेताला, आणि मग सावरून वर आली असती. सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी दिसली असती.

अशा पातळ मिश्रणाची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक, फिल्टर आणि कार्बोरेटर सोडून भलतीकडून हवा आत शिरते. दोन, स्लो जेटमधून (एक्सलेटर सोडलेला असताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) पेट्रोल पुरेसं येत नाही. आधी हवा तपासा, कारण त्याला कार्बोरेटर उघडावा लागत नाही.

काळी_माती

वरचं बरोबर हाय, पण त्याच्याही आधी पाच मिनिटाचं काम सांगतो. फुकटात होतंय.

एक्सलेटरची केबल. मूठ फिरवून बघा, केबल ओढली जायच्या आधी मुठीच्या कडेला २ ते ६ मिमी ढील पायजे. नसंल तर केबलच पिस्टन उचलून धरतीय आणि स्क्रू कितीबी फिरवा, काही कळत नाही. मग गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल डाव्या टोकाला, मग उजव्या टोकाला वळवा. रेस बदलली तर केबल ताणलीय नाहीतर चुकीच्या बाजूनं गेलीय. टाकी काढून बसवल्यावर हे लई वेळा होतंय.

चोकची पत्ती पूर्ण उघडतीय का बघा. दांडी वरून सरळ दिसती, आत पत्ती अर्धी अडकलेली असती.

अन् फिल्टर नवा हाय म्हणून सोडू नका. फिल्टरच्या पेटीचं झाकण नीट बसलंय का, पेटी ते कार्बोरेटर रबरी नळीची पट्टी आवळलीय का? आपल्याकडं कापसाच्या अन् उसाच्या वाहतुकीत रस्त्यावर जी काळी भुकटी उडती ती त्या फटीतून थेट आत जाती. नळीच्या आतून बोट फिरवा. बोटाला पिठासारखी काळी धूळ लागली म्हणजे फिल्टरच्या पलीकडून रस्ता झालेला हाय. ती धूळ आधी स्लो जेटात बसती, मग सिलेंडर खाती.

हिंगोली_नाका

केबलला ढील ३ मिमी. हँडल वळवून फरक नाही. चोक पूर्ण उघडतो. रबरी नळी आतून स्वच्छ. आता हवेची गळती कशी शोधायची?

फिलर_गेज

जागा आहे कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधली. तुमच्या जातीच्या इंजिनात तिथं काळा कडक इन्सुलेटर (उष्णता अडवणारा तुकडा) असतो आणि त्याच्या खाचेत ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी. काही गाड्यांत त्या जागी रबरी मॅनिफोल्ड (जोडनळी) असतो, त्याला बाहेरून तडे जातात. ओ-रिंग मात्र बाहेरून दिसत नाही. उष्णतेनं ती चपटी आणि कडक होते, मग फट पडते. इंजिन गरम झालं की फट वाढते.

तपासायला बरेच जण कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारतात. तो पेट घेतो आणि खाली तापलेला सायलेन्सर असतो, त्यामुळे ते करू नका. साबणाचं पाणी पुरतं. इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजमध्ये घ्या, गाडी गरम करून आयडलवर (एक्सलेटर न देता नुसती चालू) ठेवा आणि कार्बोरेटरच्या फ्लँजच्या, म्हणजे नटांनी आवळलेल्या सपाट तोंडाच्या, सांध्यावर चारी बाजूंनी थेंब थेंब सोडा. फट असेल तर पाणी ओढलं जातं, क्षणभर ती बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. बदल एक-दोन सेकंदच टिकतो, म्हणून कान देऊन ऐका. प्लगच्या टोपीवर पाणी उडू देऊ नका, नाहीतर मिसफायर होईल आणि तुम्ही त्यालाच गळती समजाल.

पाना_१०_१२

आणखी एक जागा लक्षात ठेवा. सायलेन्सर इंजिनाला जिथं जोडलाय तिथलं गॅस्केट. तिथून हवा शिरली तर एक्सलेटर सोडल्यावर फटफट आवाज येतो आणि लोक कार्बोरेटरला दोष देतात. आयडलवर मात्र त्याचा फार परिणाम होत नाही. फटफट असेल तरच तिकडं बघा.

हिंगोली_नाका

सापडलं. इन्सुलेटरच्या खालच्या बाजूला थेंब सोडले की रेस पडते आणि परत चढते. तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच. फक्त ओ-रिंग बदलली की झालं ना?

फिलर_गेज

ओ-रिंग आणि इन्सुलेटर दोन्ही आणा, किंमत किरकोळ आहे. दुकानात माप सांगू नका, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. सारख्या दिसणाऱ्या ओ-रिंगा जाडीत वेगळ्या असतात. जाड बसली तर फ्लँज तिरकी बसते, बारीक बसली तर दाबच येत नाही.

बसवण्याआधी कार्बोरेटरची फ्लँज तपासा, कारण खरा दोष बहुतेक वेळा तिथं असतो. दोन्ही नट कुणीतरी जोरात आवळलेले असतात आणि त्या मऊ धातूचे दोन्ही कान पुढं वाकलेले असतात. मधला भाग खोलगट राहतो. अशा फ्लँजवर नवी ओ-रिंग महिनाभरच टिकते. सपाट काच घ्या, त्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा आणि फ्लँज त्यावर इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हातानं आठ-दहा वेळा फिरवा. उचलून बघा. कानांवरच चमक आली आणि मधला भाग काळपट राहिला, तर ती वाकलेली आहे. चमक सगळीकडे सारखी येईपर्यंत घासा. पण मर्यादा ठेवा: खाच फ्लँजमध्ये असेल तर तिची खोली कमी होता कामा नये. शेवटी पेट्रोलनं धुऊन हवेनं फुंका, पेपरचा एकही कण आत राहायला नको.

नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. १० मिमीचा छोटा पाना, मनगटाच्या जोरानं. त्याला पाइप घालून लांब करायचं कारण नाही.

काळी_माती

कार्बोरेटर हातात आलाच हाय तर वाटी, म्हंजे खालचं पेट्रोल साठायचं भांडं, उघडून घ्या. पेट्रोलचा कॉक बंद करून आधी वाटीच्या ड्रेन स्क्रूनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, अन् बाटली उजेडात धरा. तळाला पाण्याचे मणी दिसत्यात का, तांबूस गाळ दिसतो का. दिसला तर टाकी धुवा, नाहीतर आठवड्यात जेट परत बुजतंय.

स्लो जेट बारक्या पेचकसानं काढा. खाचेत बरोबर बसणारा पेचकस पायजे, पितळ मऊ असतंय. जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक. आकाशाकडं धरून बघा, गोल ठिपक्यासारखा उजेड दिसला पायजे. अर्धचंद्र दिसला म्हणजे कड धरलीय. त्यात तार घालू नका, टाचणी तर मुळीच नको. भोक किंचित मोठं झालं की ते जेट गेलं. नायलॉनच्या ब्रशचा एक केस किंवा मासे धरायच्या दोरीचा तुकडा चालतो. नंतर पंक्चरवाल्याकडच्या कंप्रेसरनं हवा मारा, जेटमधून बी अन् ते बसतंय त्या छिद्रातून बी. हवा मारायच्या आधी बारका स्क्रू, त्याची स्प्रिंग, वायसर अन् छोटी ओ-रिंग काढून वेगळ्या डबीत ठेवा. उडाली तर मिळत नाही.

परत बसवताना पिस्टनची कापलेली बाजू फिल्टरकडं. पिस्टनच्या अंगावरची लांब खाच आतल्या पिनवर बसली पायजे. उलटा बसला तर किक मारताच गाडी पूर्ण रेस घेती. म्हणून पहिली किक मारताना हात बंद करायच्या बटणावर असू द्या.

गोदाकाठ

इथं सगळे रेसचा स्क्रू आणि बारका स्क्रू म्हणताय. बारका स्क्रू आत घ्यावा की बाहेर? आमच्याकडं गॅरेजला सांगितलं जातं, आवळून द्या म्हणजे ॲव्हरेज वाढतं.

पाना_१०_१२

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यातच निम्म्या गाड्या बिघडतात.

बारका स्क्रू दोन प्रकारचा असतो. कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. तो बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण पातळ होतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मिश्रणाचा स्क्रू. तो बाहेर काढला की पेट्रोल वाढतं, मिश्रण घट्ट होतं. म्हणजे एकच क्रिया, परिणाम उलटे. त्यामुळे 'आवळा म्हणजे ॲव्हरेज वाढतं' हे एका जातीच्या कार्बोरेटरला खरं वाटेल आणि दुसऱ्याला उलटं पडेल. आधी स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघा.

आणि ॲव्हरेजचं म्हणाल तर हा स्क्रू आयडलपासून साधारण पाव एक्सलेटरपर्यंतच काम करतो. रस्त्यावर ५० च्या वेगानं जाताना किती पेट्रोल जायचं ते कार्बोरेटरमधली सुई आणि मोठं, म्हणजे मेन जेट ठरवतात. बारका स्क्रू पिळून मिश्रण पातळ केलं तर हाती येतं ते एवढंच: सकाळी चोक, चौकात बंद, आणि उन्हात तापणारं इंजिन. ॲव्हरेजसाठी हवेचा दाब, चेन, ब्रेक घासतोय का आणि टॅपेट बघा.

स्क्रू बंद करताना तो टेकला की थांबायचं. त्याचं टोक सुईसारखं असतं. जोर लावला की टोकाला वळं पडतं, मग कितीही फिरवा, सेटिंग धरत नाही. नंतरच्या काही गाड्यांत हा स्क्रू टोपीनं बंद केलेला असतो, प्रदूषणाच्या नियमासाठी. ती टोपी फोडू नका. बहुतेक वेळा जेट आणि गळती दुरुस्त केली की त्याला हात लावायची गरजच पडत नाही.

हिंगोली_नाका

इन्सुलेटर आणि ओ-रिंग नवी. फ्लँज खरंच वाकलेली होती, सपाट केली. स्लो जेटमध्ये अर्धचंद्र दिसत होता, साफ केलं. आता चोक पंधरा-वीस सेकंदांत सोडता येतो. एक्सलेटर सोडला की रेस लगेच उतरते. पण २० मिनिटं गाडी चालवली की चौकात अजूनही बंद पडते आणि लगेच किक मारली तर चार-पाच किका लागतात. थंड झाल्यावर एका किकेत चालू.

फिलर_गेज

हा दुसरा रोग आहे, आणि आधीच्या रोगाखाली दबलेला होता. गरम असतानाच दम जातो म्हणजे टॅपेट आवळलेलं आहे असं धरून चला.

व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीवर आपटत राहतो आणि बैठक झिजून तो थोडा थोडा आत बसतो. तो आत गेला की त्याची दांडी रॉकरकडं (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याकडं) सरकते आणि मधली फट कमी होते. गरम झाल्यावर दांडी लांबते, उरलीसुरली फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, निसटतं. वेगात ते जाणवत नाही, आयडलला मात्र इंजिनाकडं जेमतेम ताकद असते, तिथं ते दिसतं. सगळ्यात फसवी गोष्ट ही की आवळलेलं टॅपेट आवाज करत नाही. इंजिन शांत म्हणजे टॅपेट ठीक, असं समजून लोक ५०-६० हजार किमी काढतात आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो.

घरी खात्री करायची तर चावी बंद ठेवून किक हातानं दाबून बघा, एकदा सकाळी थंड असताना, एकदा बंद पडल्या पडल्या. गरम असताना किक सैल जात असेल तर हेच आहे.

सेटिंग थंड इंजिनावरच. पुस्तकं इंजिन ३५ अंशांच्या खाली असावं असं सांगतात. परभणी, नांदेडकडं मे महिन्यात दुपारी नुसती उन्हात उभी गाडीच त्याच्यावर असते. रात्रभर सावलीत ठेवून पहाटे करा.

डाव्या बाजूच्या मॅग्नेटोच्या (आत रोटर म्हणजे फिरणारं चाक असतं) दोन्ही टोप्या काढा, प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. रोटर घड्याळाच्या उलट फिरवून 'टी' ची खूण वरच्या छोट्या खिडकीतल्या खाचेसमोर आणा. आता टॅपेटच्या टोप्या उघडून दोन्ही रॉकर बोटानं हलवा. दोन्हींत थोडी टकटक असेल तर बरोबर जागा. एखादा दाबलेला असेल तर रोटर आणखी एक पूर्ण फेरा फिरवून परत 'टी' वर आणा. पण तुमच्या गाडीत दोन्ही टॅपेट आवळलेली असतील तर बरोबर जागेवरही टकटक लागणार नाही. मग प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून फिरवा. हवा अंगठ्याला ढकलते त्या वेळचा 'टी' तो आपला.

फट किती ते तुमच्या गाडीच्या पुस्तकातलंच घ्या. या आकाराच्या इंजिनांत ती ०.०५ ते ०.१० मिमीच्या घरात असते, आणि काहींत आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा आकडा वेगळा असतो. फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान दोन बोटांत धरून सरकवा. वहीच्या पानांत दाबलेला कागद ओढताना जसा हलका अडखळतो तसं लागलं पाहिजे. नट आवळताना टॅपेटचा स्क्रू सोबत फिरतो, म्हणून नट आवळल्यावर पान परत घालून बघा. ही शेवटची तपासणी न केल्यानंच टॅपेट चुकतं.

बालाघाट

टॅपेट झालं की मगच रेस लावा, आधी नको. टॅपेट सैल-घट्ट केलं की आयडल मिनिटाला १००-२०० फेऱ्यांनी (आरपीएम) हलतं.

टॅकोमीटर नाही म्हणून अंदाजे करू नका. १०० ते १५० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना १४०० च्या आसपास, शंभर इकडं-तिकडं आयडल दिलेलं असतं. मोठ्या ३५० सीसी सिंगल सिलेंडरला ते हजाराच्या जवळ येतं. मोजायचे दोन मार्ग आहेत.

एक, प्लगच्या जाड वायरीला वेटोळे घालायचं छोटं डिजिटल मीटर. त्यात 'एका फेऱ्याला एक ठिणगी' हे सेटिंग निवडा. फोर स्ट्रोक म्हणून लोक 'दोन फेऱ्यांना एक' निवडतात, पण या गाड्यांत रोटरवरून ठिणगी प्रत्येक फेऱ्याला पडते, एक कामाची आणि एक वाया जाणारी. चुकीचं सेटिंग असेल तर मीटर २८०० दाखवतं आणि माणूस स्क्रू सोडत सोडत गाडी बंद पाडतो.

दोन, मोबाइल. सायलेन्सरपासून हातभर अंतरावर आयडलचा आवाज १० सेकंद रेकॉर्ड करा आणि आवाजाची लाट दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडा. फोर स्ट्रोक सिंगल सिलेंडर दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं. म्हणजे १४०० आरपीएमला मिनिटाला ७०० ठोके, १० सेकंदांत ११७ टोकं. १०८ भरली तर १३००, १२५ भरली तर १५००. लाट मोठी करून मोजली की चूक राहत नाही.

पाना_१०_१२

आता सेटिंगचा क्रम, सगळं एका जागी.

गाडी १० मिनिटं रस्त्यावर चालवून आणा. उभी करून तापवलेली गाडी आणि चालवून तापलेली गाडी यात फरक असतो. मोकळ्या जागेत मधल्या स्टँडवर लावा, बंद खोलीत धूर कोंडून घेऊ नका. हेडलाइट बंद करता येत असेल तर बंद.

रेसच्या स्क्रूनं १४०० ला आणा. मग बारका स्क्रू हलकेच आत घेत तो किती फेरे उघडा होता ते मोजा आणि लिहून ठेवा. बहुतेक दीड ते अडीचच्या दरम्यान निघेल. परत तिथंच आणा. आता पाव पाव फेरा एका दिशेला, प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंद थांबा, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. रेस वाढत जाते, एका जागी सगळ्यात वर जाते, मग पडू लागते. ती सगळ्यात वरची जागा पकडा. रेस १५००-१६०० झाली असेल तर रेसच्या स्क्रूनं १४०० वर उतरवा आणि बारक्या स्क्रूची वरची जागा पुन्हा एकदा शोधा. दुसऱ्या वेळी ती थोडी सरकलेली असते. शेवटी मिश्रण जरासं घट्टकडं: हवेचा स्क्रू असेल तर अर्धा पाव (पाव फेऱ्याच्या निम्मा) फेरा आत, पेट्रोलचा असेल तर तेवढाच बाहेर.

मूठ झटकन फिरवून सोडा. रेस सरळ येऊन १४०० वर थांबली पाहिजे. खाली बुडून वर आली तर घट्ट, वर रेंगाळली तर पातळ.

हवेच्या स्क्रूची सगळ्यात चांगली जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत सापडत असेल, तर स्लो जेट बुजलंय किंवा गळती आहे. तीन फेऱ्यांच्या पुढं जात असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा फिल्टर बंद झालाय. पेट्रोलच्या स्क्रूला हेच उलटं वाचा. दोन्ही वेळा स्क्रूनं भांडत बसू नका, कार्बोरेटर उघडा.

गोदाकाठ

उन्हाळा-हिवाळ्यात वेगळी सेटिंग लागते का? आणि नांदेडहून लातूरला गाडी नेली, चढ आहे, तर? पेट्रोलमधल्या इथेनॉलचं पण सांगा.

बालाघाट

नांदेड ते लातूर उंचीचा फरक दोन-तीनशे मीटरचा, त्याला काही करायचं नाही.

ऋतूचा फरक थोडा पडतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेच्या दुपारी ४२ अंश, यात हवा साधारण दहा टक्के विरळ होते. म्हणून हिवाळ्यात मिश्रण पातळकडं झुकतं, उन्हाळ्यात घट्टकडं. सेटिंग मधल्या जागी असेल तर गाडी दोन्ही सांभाळून घेते. हिवाळ्यात काटेकोर पातळ लावलेली गाडीच पहाटे त्रास देते.

इथेनॉलचा मुद्दा महत्त्वाचा आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडं तेच आहे. आपल्या पट्ट्यातल्या उसाचाही त्यात वाटा आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण कार्बोरेटरचं गणित बदललंय. नुसत्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून पेट्रोल वाढवून घेते, कार्बोरेटरला ते कळत नाही. २०१६ची गाडी मुळात बरोबर लावलेली असेल तरी या पेट्रोलवर थोडी पातळच चालते. बारक्या स्क्रूची जागा पाव फेरा घट्टकडं सापडली तर नवल नाही.

दुसरं, इथेनॉल पाणी धरून ठेवतं. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा. नाहीतर वाटीत पांढरट थर जमतो आणि तो सगळ्यात आधी स्लो जेटातच बसतो.

वाळूजकर

व्हॅक्यूमच्या कार्बोरेटरवाल्यांसाठी दोन ओळी. पल्सरसारख्या गाड्यांत पिस्टन केबलनं नाही, रबरी पडद्यानं उचलला जातो. रेसचा स्क्रू तिथं पत्तीला टेकू देतो, तो हातानं फिरवता येणाऱ्या गोल नॉबचा असतो. पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी आयडल ठीक राहतं आणि पिकअप मरतो, म्हणून आयडलच्या तक्रारीत पडद्यामागं लागू नका. कार्बोरेटरला जोडलेल्या वायरीचा सॉकेट निघालेला असेल तर मात्र स्पार्कचं टायमिंग बदलतं, तो आधी बघा.

टीव्हीएस एक्सएल आणि स्कूटरवाल्यांनी रेस वाढवताना जास्त जपायचं. तिथं क्लच रेसवर आपोआप धरतो. आयडल जास्त झालं की स्टँडवर मागचं चाक फिरायला लागतं आणि स्टँड काढताच गाडी पुढं ओढते. चाक उचलून सेट करा, आणि चाक थांबलेलं राहील इतकीच रेस ठेवा.

गोदाकाठ

आणि बीएस सिक्स (नवे प्रदूषण नियम) गाड्यांना?

वाळूजकर

१ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजेक्शन आहे आणि आयडल ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो. थ्रॉटल बॉडीवर (पत्तीनं हवेची वाट उघडणाऱ्या भागावर) रंग किंवा सील लावलेला स्क्रू दिसेल, तो कारखान्यात लावलेला असतो, फिरवू नका. फिरवला तर सेन्सरचा शून्य हलतो आणि ईसीयू गोंधळतो. आयडल वर-खाली होत असेल तर पत्तीच्या कडेला बसलेला काळा थर कपड्यावर क्लीनर घेऊन पुसा, आयडलच्या हवेची वाट साफ करून घ्या, बॅटरीचा व्होल्टेज बघा. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर आधी तो कोड वाचून घ्या.

हिंगोली_नाका

पहाटे टॅपेट बघितलं. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये ०.०५ चं पान शिरतच नव्हतं. दोन्ही पुस्तकातल्या आकड्याला लावली. नंतर १० किमी चालवून क्रमानं सेटिंग केलं. हवेचा स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर आला. मोबाइलवर १० सेकंदांत ११८ टोकं. ४० मिनिटं चालवून तीन वेळा बंद करून चालू केली, प्रत्येक वेळी एका किकेत. टॅपेटचा बारीक टिकटिक आवाज आता येतो, तो चालेल ना?

फिलर_गेज

थंड असताना बारीक, एकसारखी टिकटिक चालते. गरम झाल्यावर वाढत गेली तर परत मोजा. सव्वादोनशे-अडीचशे किमी झाले की इन्सुलेटरचे दोन्ही नट एकदा तपासा, नवी ओ-रिंग बसली की ते थोडे ढिले पडतात. तेव्हाच प्लग काढून रंग बघा. विटकरी-भुरा असेल तर मिश्रण बरोबर, पांढरट असेल तर हवेचा स्क्रू अर्धा पाव फेरा आणखी आत. आणि पावणेदोन हा आकडा साइड कव्हरच्या आतून मार्करनं तारखेसह लिहून ठेवा, पुढच्या वेळी कुणी स्क्रू हलवला तर कुठून सुरुवात करायची ते कळेल.